विवाहित, एकतीस डिसेंबरपर्यंत

कागद गिरणीने निवृत्तीची बचत सांभाळणारी कंपनी बदलली, म्हणून मे महिन्यात सगळ्यांना नव्याने फॉर्म भरावे लागले. बचतीचे पैसे पगारातून कर लागण्याआधी कापायचे की नंतर, एवढाच प्रश्न. आधी कापले तर आज कर कमी, तो म्हातारपणी पैसे काढताना भरायचा. नंतर कापले तर आजच भरून मोकळे. मी पगाराच्या खिडकीत बसते. दिवसातून तीसदा हेच सांगत होते.

एल्डन क्रुएगर शेवटच्या दिवशी आला. दोन नंबरच्या मशीनवर अडतीस वर्षं. मार्चमध्ये त्याची बायको मार्व्हेल गेली होती.

"हे सगळं मार्व्हेल भरायची," तो म्हणाला. आवाज सपाट.

रांगेत मागून रिक ओरडला, "ए म्हाताऱ्या, आटप की! फॉर्म भरतोयस की मुलगी बघतोयस?" मग त्याचं त्यालाच कळलं. तो बुटांकडे बघत राहिला. एल्डनने बहुधा ऐकलंच नव्हतं.

"या वर्षी 'नंतर' घ्या," मी म्हणाले. "डिसेंबर संपेपर्यंत करखात्याच्या लेखी तुम्ही विवाहित आहात. दर कमी बसतो. जानेवारीपासून एकट्याचा दर, तो जास्त. तेव्हा बदलून 'आधी' करू."

"तिला पुरलं तेव्हा तू होतीस ना?"

"होते की. नंतरच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड आणलं होतं."

"मग या करखात्याला कुणी कळवलं नाही?"

"कळवलंय. वर्षभर तसंच धरतात."

"डिसेंबरपर्यंत."

"हो."

त्याने खूण केली. पगार हातात कमी यायला लागला, त्याबद्दल तो कधी बोलला नाही. बाकीचे पगाराची पावती फोनवर बघायचे. हा कागद मागून घ्यायला लागला. खिडकीशी उभा राहून वरच्या ओळीतला 'विवाहित' हा शब्द वाचायचा, घडी घालायचा, जायचा.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मी त्याला बोलावलं. दोन फॉर्म होते. पहिल्यावर त्याने लगेच 'आधी'वर खूण केली. दुसरा कराच्या दराचा. तो त्याने वरपासून खालपर्यंत वाचला.

"विधुर कुठंय?"

"तसा चौकोन नाही. 'अविवाहित' तोच तुमचा."

"अविवाहित मी एकविसाव्या वर्षापर्यंत होतो."

मी त्या चौकोनाशेजारी पेन ठेवलं.

"आणि नाही केली खूण तर?"

"तर कर कमी कापला जाईल. पुढे एकदम सगळा अंगावर येईल, एल्डन."

त्याने मान हलवली. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला. चौकोन कोराच होता.

"खूण तू कर."

"ती तुम्हीच करायची असते."

"माहितेय."

मी पेन घेतलं. खूण केली. पेन उचलेपर्यंत तो माझ्या हाताकडे बघत होता.

"झालं?"

"झालं."

त्याने टोपी घातली. पाळी सुटायला अजून दोन तास होते. तो मशीनवर परत गेला.