म्हाताऱ्या ताऱ्याचा भडका

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी आईचा पाय मोडला, म्हणून मी पोलादपूरजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले. आई अंगणवाडी सेविका. पाय प्लास्टरमध्ये, तरी खाटेवर बसून रजिस्टरं पुरी करायची. शेजारी मी लॅपटॉप घेऊन.

माझं काम सूर्याहून लहान, मंद अशा लाल ताऱ्यांवर. तरुणपणी ते भराभर फिरतात, क्ष-किरणांचे भडके उडवतात. वयाबरोबर फिरणं मंदावतं आणि ते निवळतात. मला हेच दाखवायचं होतं. पण यादीतला सगळ्यांत म्हातारा तारा तासभर असा भडकलेला दिसत होता की माझा आलेखच बिघडला. उपकरणाचा दोष असणार, असं धरून मी तो तास काढून टाकला आणि आईला सांगितलंही.

"खोडलंस?" ती म्हणाली. "एखाद्या पोराचं वजन एकदम कमी आलं तर आमी खोडत नाय गो. काटा बघतो, पोराला परत ठेवतो."

"तारा कसा परत ठेवू काट्यावर?" मी चिडून म्हटलं.

"मग दुसरा काटा नाय?"

होता. ज्या उपग्रहाने क्ष-किरण मोजले, त्यावरचीच दुसरी छोटी दुर्बीण त्याच वेळी त्याच ताऱ्याचा अतिनील प्रकाश मोजत होती. ती फाइल मी उघडलीच नव्हती. गावात नेटची बोंब, म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीने महाडला गेले आणि एका झेरॉक्सच्या दुकानात बसून ती उतरवली. अतिनील प्रकाशही नेमका तेव्हाच उसळला होता. तारा खरंच भडकला होता.

तिथूनच गाइड मॅडमना फोन केला. "मॅडम, माझं चुकलं. मी खरी नोंद काढून टाकली होती."

त्या म्हणाल्या, "पेपर पाठवायच्या आधी सांगितलंस, बरं केलंस. आता निष्कर्ष नव्याने लिही."

त्यात आणखी सहा महिने गेले. म्हातारे तारे शांत होतात, पण पुरते नाही, एवढंच शेवटी लिहिता आलं.

महाडहून परतले त्या संध्याकाळी आईने विचारलं, "त्या ताऱ्याभोवती कोण फिरतं का?"

"एक ग्रह आहे. त्याच्यावर हवा असलीच, तर अशा भडक्यांनी थोडी थोडी उडून जात असेल."

"एवढी वर्षं काढली बिचाऱ्याने," ती म्हणाली, "आन् अजून सुटका नाय."

दोन वर्षं मी तो तारा मोजत होते. त्या ग्रहाची कीव मला एकदाही आली नव्हती.