कागदावर मी जिन्यात पडले होते

बोरिवलीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, एक मोठी खिडकी होती. लोखंडी चौकट, जाड काच. गंजून ती भिंतीपासून सुटत आली होती आणि कुणीतरी तारेने कठड्याला बांधून ठेवली होती. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटला की चौकट आत-बाहेर व्हायची आणि तार करकरायची. मी तिथून जाताना भिंतीला धरून जायचे. सगळेच जायचे. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, पायांनाच सवय झाली होती.

माझ्या नवऱ्याने त्या खिडकीचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘ही कधीतरी कुणाच्या तरी अंगावर येणार.’ सेक्रेटरींनी त्यावर नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला. आणखी कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जुन्या तारेवर नवीन तारेचे दोन वेढे चढले होते.

हे सेक्रेटरी आमच्या समोरच्याच दारात राहतात. माझ्या सासऱ्यांच्या तालुक्यातले, त्यांचे वडील आणि माझे सासरे एकाच गिरणीत होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. मार्च संपत आला होता, परीक्षा चालू होत्या. त्या दिवशी साडेचारला घरी आले तर लिफ्ट बंद. जिना चढू लागले. वळणाच्या दोन पायऱ्या खाली मनोरीहून येणारी मासेवाली मावशी पाटी उतरवून बसली होती. दर बुधवारी ती खाडी ओलांडणाऱ्या तरीतून मार्व्याला उतरून आमच्या भागात यायची, आणि इमारतीतल्या निम्म्या घरांना तिचीच मासळी लागायची. मी वळणावर पोचले तशी तिने मांदेली दाखवायला पाटीवरचं फडकं बाजूला केलं. मी बघायला थांबले. वाकले.

तारेचा आवाज थांबला, ते मला आधी कळलं. मग मावशी ओरडली. चौकट माझ्या डाव्या खांद्यावर आली आणि काच गालातून हनुवटीपर्यंत गेली. दुखलं नाही. मावशीने मला खाली ओढलं, पदराचा बोळा करून गालावर दाबला. तिच्या पदराचा मासळीचा वास आणि रक्ताचा वास एक झाला होता, तेवढं आठवतं. आवाज ऐकून भाऊ धावत खाली आले. हातात टॉवेल होता. त्यांनी मला उचललंच म्हणायला हवं. रिक्षात शेवटपर्यंत तो टॉवेल त्यांनीच दाबून धरला होता. हे सांगायला हवं, कारण तेही खरं आहे.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायला गेले तर आत नुसतं गरम आणि खारट. भाऊ म्हणाले, “जिन्यात पडल्या.”

मी हात वर केला. वरून काहीतरी आलं, एवढंच दाखवायचं होतं. अर्धं आयुष्य मी मुलांशी हातांनी बोलण्यात घालवलंय. भाऊंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि हळूच खाली ठेवला. मला वाटलं, धीर देतायत. डॉक्टरने मान हलवली आणि लिहून घेतलं.

नवरा संध्याकाळी माझे कपडे आणायला घरी गेला. वळणावरची फरशी फिनेलने धुतलेली होती. काच नाही, चौकट नाही, तारही नाही. तिसऱ्या दिवशी तिथे नवीकोरी अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसली. आमच्याकडे जिन्यातला दिवा बदलायला महिना जातो. तो मला म्हणाला, “मला हे बरोबर वाटत नाहीये.” तोंडाला पट्टी होती, मी त्याला शाळेच्या पाटीवर लिहून दिलं, की भाऊंनी जीव वाचवला, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस.

पट्टी निघाली तेव्हा जखम भरत आली होती. पण मी हसायला गेले आणि तोंड उजवीकडेच गेलं. डावा कोपरा जागचा हलला नाही. पाणी प्यायले की तिथून गळायचं. सूज उतरली की होईल नीट, असं तिथे सांगितलं. महिनाभर वाट पाहिली, मग अंधेरीच्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी गाल चाचपला, कागद वाचले, परत गाल चाचपला.

“काच लागली होती का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

“कागदावर तर पडल्याची जखम लिहिलीय.” मग ते शांतपणे सांगत गेले. काचेने कापलं असेल तर आत खोलवर बघावं लागतं, नस तुटली आहे का ते. पडल्याची जखम म्हणून ती वरून शिवली गेली. नस त्याच दिवशी जोडली असती तर तोंड बरंचसं परत आलं असतं. आता ऑपरेशन करता येईल, पण किती फरक पडेल सांगता येत नाही.

परतताना रिक्षात नवऱ्याने ते कागद मांडीवर धरून ठेवले होते. मला माझा तो हात आठवत होता, आणि त्याच्यावरचा भाऊंचा हात.

त्याच आठवड्यात भाऊ भेटायला आले. मोसंबी आणली होती. खिशातून टाईप केलेला कागद काढला. माझा पाय घसरून मी जिन्यात पडले, सोसायटीबद्दल माझी काही तक्रार नाही, असं त्यावर होतं. सोसायटीच्या विम्यासाठी लागतं म्हणाले. हॉस्पिटलच्या खर्चात कमिटी हातभार लावेल, असंही म्हणाले. पेन त्यांनी उघडूनच पुढे केलं.

मी म्हणाले, “भाऊ, चौकट पडली. ती खाली पडलेली तुम्ही बघितलीत.”

“वहिनी, आपलीच माणसं आहेत ना सगळी?” ते म्हणाले. “उद्या इथेच राहायचंय तुम्हाला.”

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. म्हणूनच मला भीती वाटली असेल. नवऱ्याने कागदाची घडी घालून तो त्यांच्या हातात परत दिला. जाताना त्यांनी आमच्या घराची किल्ली टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना ग्रुपमधून काढलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती, गेल्या वर्षीपासून माझ्याकडेच, खुणांपेक्षा ओठांवर भिस्त ठेवणारी. आमच्याकडची बरीच मुलं ओठ वाचतात. प, ब, म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात, ती ओळखायची तर आजूबाजूच्या शब्दांचा आधार लागतो. पण त्यासाठी निदान ओठ तरी नीट मिटावे लागतात. मी ‘पान’ म्हटलं. तिने स्वतःच्या कानाला हात लावला, तिला ‘कान’ दिसला होता. मी परत म्हटलं. ती पुढे झुकून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग शेजारच्या मुलीच्या वहीकडे बघितलं. महिन्याभरात अख्खा वर्ग तेच करू लागला. मी बोलायचे आणि मुलं एकमेकांकडे बघायची. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसचं काम दिलं. मुलांच्या दृष्टीने तेच योग्य होतं, आणि मला ते कळत होतं.

त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले, आपण केस करू.

वकीलबाईंचं ऑफिस अंधेरी स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हॉस्पिटलच्या कागदातली ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली. आधी ही एक ओळ खोटी ठरवावी लागेल, म्हणाल्या. ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. सोसायटीचं उत्तर आलं, की खिडकी सैल होती हे मान्य, म्हणून तर आदल्या दिवशीच ती उतरवली होती. तक्रारदार धावपळीत जिन्यात पडल्या. शिवाय त्या विवाहित आहेत, नोकरी चालू आहे, त्यामुळे चेहऱ्यावरच्या किंचित व्यंगाने त्यांचं काही नुकसान झालेलं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. खाली भाऊंची सही होती, वळणदार.

नवऱ्याच्या फोनमध्ये तो फोटो होता, खाली भाऊंचा अंगठाही होता. पण खिडकी पडताना बघणारं एकच माणूस होतं. बुधवारी गेटपाशी मी मावशीला गाठलं. सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की यात तिचं नुकसान होऊ शकतं. ती पाटी डोक्यावर घेऊनच ऐकत होती. मग म्हणाली, कुठे यायचं ते सांग. वकीलबाईंसमोर बसून तिने प्रतिज्ञापत्र केलं. सही करताना तिने जीभ दातांत धरली होती.

ते प्रतिज्ञापत्र आयोगात गेलं आणि पंधरा दिवसांत गेटवर सूचना लागली: दुर्गंधीमुळे मासे विक्रेत्यांना इमारतीत प्रवेश बंद. इमारतीतली कितीतरी घरं वर्षानुवर्षं तिच्याकडून मासळी घेत होती. एकानेही विचारलं नाही. मावशी गेटबाहेर रस्त्याकडेला बसू लागली, मग काही दिवसांनी दिसेनाशी झाली.

त्यानंतर शाळेत निनावी पत्र आलं. या शिक्षिकेच्या तोंडाला मुलं घाबरतात, पैशासाठी ती चेहऱ्याचं भांडवल करते आहे, तिला ठेवू नये. मी कुठल्या खोलीत बसते, डबा कुठे खाते, हेसुद्धा त्यात होतं. बाईंनी पत्र मला दिलं आणि दार लावून घेतलं. त्या काही विचारत नव्हत्या, फक्त मी वाचत असताना जवळ थांबल्या होत्या. त्या दिवसापासून मी जिन्यात मागे पावलं वाजली की थांबते आणि मागच्याला पुढे जाऊ देते. बहुतेक वेळा शेजारचंच कुणीतरी असतं. मान खाली घालून पुढे जातं.

मधल्या काळात ऑपरेशन झालं. ओठ थोडा मिटू लागला. हसू मात्र आलं नाही.

तारखा पडत गेल्या. नवरा एकदा म्हणाला, “सोडून देऊया का? घर विकून विरारला जाऊ.” मी म्हटलं, जाऊ, पण त्या कागदावर मी पडलेलीच राहीन. त्याने परत कधी विचारलं नाही.

शेवटच्या सुनावणीला वकीलबाईंनी त्या मुलीची शुद्धलेखनाची वही पुढे ठेवली. तिच्या आईनेच ती आणून दिली होती. फेब्रुवारीत मी घातलेलं शुद्धलेखन, आणि जूनमध्ये मीच घातलेलं. शब्द बरेचसे तेच. फेब्रुवारीच्या पानावर दोन चुका होत्या. जूनचं पान चुकांनी भरलं होतं, आणि शेवटी तर नुसत्या रेघा, तिने लिहिणंच सोडून दिलेलं. आयोगाच्या अध्यक्ष दोन्ही पानं उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी वर बघून मला काही शब्द बोलायला सांगितले. मी बोलले. सोसायटीचे वकील हरकत घेण्यासाठी उभे राहिले होते, ते तसेच खाली बसले. भाऊ मागच्या बाकावर होते. मी वळून बघितलं नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. चौकट पडूनच इजा झाली, सोसायटीने हयगय केली, आणि हॉस्पिटलात खोटी माहिती दिली गेली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तो परिच्छेद मी लॅमिनेट करून ठेवला आहे. भरपाई मिळाली. सोसायटीने ती प्रत्येक घरावर वाटली, आमच्या घरावरसुद्धा; माझ्या चेहऱ्याच्या भरपाईत माझाही हिस्सा मी भरला. सूचना मात्र गेटवरून उतरली नाही.

मावशीला शोधायला आम्ही एका रविवारी मार्व्याहून मनोरीला गेलो. ती अंगणात जाळ्यातले बोंबील सोडवत होती. मी माफी मागितली. तिने मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, आता भाईंदरला बसते, तिकडची गिऱ्हाईकं घासाघीस फार करतात. बाकी तिने त्या विषयावर काही बोलू दिलं नाही.

मी परत वर्गात शिकवते, पण लहान मुलांना. त्यांनी माझं आधीचं तोंड पाहिलेलंच नाही, त्यामुळे ती हेच वाचायला शिकतात. ती मुलगी वरच्या वर्गात गेली. व्हरांड्यात भेटली की अजून माझ्या ओठांकडे आधी बघते, मग डोळ्यांकडे.

भाऊ परत बिनविरोध सेक्रेटरी झाले. परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दार बंद झाल्यावर ते समोर बघतच म्हणाले, “मी तेव्हा सगळ्यांचाच विचार केला होता, वहिनी.”

तिसरा मजला येईपर्यंत ते आरशात माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं, मला माहीत नाही. लिफ्ट थांबली, त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी म्हटलं, तुम्ही आधी जा.