तुपासकट विझलेली चकाकी
लवंगेच्या तेलाचा वास आला की निजामाच्या अमदानीतला बीडचा दवाखाना आठवतो. लग्न तोंडावर आलेलं आणि मी रहाटावर आपटून समोरचा दात तडकवून बसलेली. तडा हिरडीत शिरला असेल तर दात काढावा लागेल, असं हैदराबादहून आलेले डॉक्टर म्हणाले. पण ओल्या दाताच्या चकाकीत तो नीट दिसेना, म्हणून फोटो काढायचं ठरलं. फोटो म्हटल्यावर मी शहाणीने दातांना तूप चोळलं! "हे काय गं, येडे?" आई ओरडली. "फोटूत चमकाया नको व्हय?" डॉक्टर हसले, "बेटी, चमकच तर घालवायचीय." त्यांनी दिव्यापुढे एक काळसर काच लावली, माझ्या हाती आरसा दिला आणि तसलीच दुसरी काच माझ्या डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवली. दिवा तसाच जळत होता, पण दातावरचा लखलखाट तुपासकट विझत गेला आणि केसाएवढा तडा स्वच्छ दिसला, अर्ध्यातच थांबलेला. "आगं बया, दात वाचला की!" आई काचेतून बघत म्हणाली. तीच काच कॅमेऱ्यापुढे लावून डॉक्टरांनी फोटो घेतला. पुढे मांडवात अंतरपाट दूर झाला, तेव्हाही मी एवढी थक्क झाले नाही. आमच्या म्हाताऱ्याला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.