रसूलचाचांचा पहिला खडा

रसूलचाचा स्वतः गूळ खात नसत. उभा जन्म गुऱ्हाळावर गेलेला माणूस. काहिलीतला रस आटून पाक कधी उतरवायचा हे त्यांच्या एका नजरेवर ठरायचं. पण आपल्या हातचा गूळ त्यांनी जिभेवर ठेवलेला मी नऊ हंगामांत एकदाही पाहिला नाही. आदण उतरलं, म्हणजे एका काहिलीचा गूळ झाला, की गार व्हायला ओतलेल्या त्या गुळातला एक ऊन खडा ते उसाच्या पानावर घ्यायचे, फुंकर मारायचे आणि रस्त्यावर जो कोणी पहिला दिसेल त्याला हाक द्यायचे. "ओ पावणं, इकडं या!" मग तो गवंडी असो, एसटीचा कंडक्टर असो नाहीतर लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारा कुणी. तो खायचा आणि चाचा डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. त्याचं तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं, की खांद्यावरचा पंचा झटकून पुढच्या आदणाला लागायचे.

त्यांची माझी पहिली भेट निरवांगीत झाली. मी नुकतंच सांगवीच्या रस्त्याला गुऱ्हाळ घेतलं होतं आणि मला गुळव्या, म्हणजे पाक जोखून गूळ काढणारा माणूस, हवा होता. मी मूळचा कन्हेरीचा. वाट्याला धड जमिनीचा तुकडा आला नाही. सायकलवर भाजी विकली, मग लोकांची चिपाडं वाहिली, मग जुना पिकअप घेतला आणि त्यातून हे गुऱ्हाळ. सगळं घासाघीस करून उभं केलेलं. समोरच्याचा आकडा खाली आणल्याशिवाय मला त्याच्या घरचा चहा गोड लागत नाही.

चाचा दारात बसून शेळीचं दावं वळत होते. त्यांनी मजुरी सांगितली, मी सवयीने निम्मी केली. ते चिडले नाहीत. दाव्याचा पीळ बघत म्हणाले, "आकडा तुमीच धरा. मला दोनच गोष्टी पायजेत. चुलवणात वल्लं चिपाड घालायचं न्हाय. आन् पहिला खडा माझा. त्यो मी कुणालाबी दीन, तुमी मधी बोलायचं न्हाय."

मी मनातून हसलो. एक खडा! इतका स्वस्त माणूस मला तोवर भेटला नव्हता. लगेच हातावर हात मारला.

गुऱ्हाळावर आल्यावर दोनच दिवसांत "तुमी"चं "तू" झालं आणि बाळासाहेबाचा बाळू झाला. मालकाला कुणी बाळू म्हणावं हे मला रुचलं नव्हतं. पण माल असा निघायचा की बारामतीच्या बाजारात आमच्या ढेपेवर हात ठेवणारा हात उचलत नसे, म्हणून गप्प बसलो. सोनेरी, रवाळ, फोडली की खटकन आवाज करणारी ढेप. चाचा पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी करायचे आणि ती काहिलीच्या काठावर मारायचे. तो आवाज ऐकून म्हणायचे, "हां, आता बोलाया लागला."

त्यांना एक वाईट खोड होती. ऐन कामात ते मला हाक मारायचे, "बाळू, पळत ये!" मी धावत जायचो, म्हटलं चरक तरी मोडला. तर ते शेजारच्या रानाकडे बोट दाखवायचे. उसाला पाणी सोडलेलं असायचं आणि पाण्याच्या पुढेपुढे बगळे चालायचे, जमीन मोजायला आलेल्या साहेबांसारखे. कधी काहिलीखालच्या चुलवणाचा धूर वर न जाता उसावर सपाट पसरलेला असायचा आणि त्यातून सूर्य यायचा. "बघ," म्हणायचे. बस, एवढंच.

एकदा मी भडकलो. "चाचा, बगळं बाजारात चालत न्हाईत!"

"म्हणून तर अजून हाईत," ते म्हणाले आणि रसावरची मळी काढायला वळले.

माझी बायको सुमन त्यांच्यासाठी रोज भाकरी पाठवायची. रोजे थंडीत आले की आदणं थांबायची नाहीत, आणि दिवसभर पाण्याचा घोट न घेता हा माणूस गुळाच्या वाफेत उभा. सुमनला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "चाचा, एवढ्या गोडाच्या वासात जीव कासावीस होत न्हाय का?" त्यावर ते हसायचे. "मी कवा चाखतो, सूनबाई? माझी चव दुसऱ्याच्या तोंडात हाय. आपल्या जिभेला आपलंच गोड लागतं. वळखीच्या माणसाची जीभ लाज राखती. वाटंवरचा माणूस खोटं बोलत न्हाय, त्याला आपल्याकडनं काय पायजेच नसतं."

तेव्हा ते मी नीट ऐकलं नाही. मला ती दानत वाटली, आणि दुसऱ्याच्या मालावर दाखवलेली दानत मला सहन होत नाही.

माझ्या रागावरही त्यांचं मत होतं. एका व्यापाऱ्याशी फोनवर कडाकड भांडून मी आलो तेव्हा चुलवणापाशी उभे राहून ते म्हणाले, "तुझा जाळ लई मोठा हाय, बाळू. जाळ मोठा झाला की पाक वरनं उतू जातो आन् खालनं करपतो. मधल्याला कळतबी न्हाय आपलं काय झालं."

मग रस्ता रुंद झाला, वर्दळ वाढली. पहिल्या खड्याची ख्याती झाली होती. लोक थांबायचे, रस मागायचे, काकवीला डबे घेऊन यायचे. गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या भांड्याने परत पाठवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पण रीत घालणाऱ्यांच्या काळात पाच लिटरचे कॅन नव्हते. मोटारीतून येणारा माणूस कॅन पुढे करायचा आणि वर म्हणायचा, "जरा घट्ट बघून द्या." माझं डोकं फिरलं. मी गुऱ्हाळाकडे येणाऱ्या वाटेवर आडवा बांबू बांधला आणि पाटी लावली: फुकट रस, गूळ, काकवी मागू नये.

चाचांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?" त्यांनी विचारलं.

"गुऱ्हाळाचं नाव," मी म्हणालो.

चार दिवस कुणी आत आलं नाही. पहिला खडा घेऊन चाचा बांबूपर्यंत जायचे, हाक द्यायचे. लोक पाटीकडे बघून पुढे जायचे. पाचव्या दिवशी मेंढरं घेऊन एक बाई बांबूपाशी थांबली. कडीचा डबा होता हातात. सून बाळंत झाली होती, वाटीभर काकवी पाहिजे होती. मी लांबूनच ओरडलो, "पाटी दिसत न्हाय का?"

"आमाला कुठं वाचाया येतंय, दादा," ती म्हणाली आणि मेंढरांना हाळी देत निघाली.

चाचा काहिलीपाशी होते. पाक जवळ आला होता. त्यांनी मान न वळवता विचारलं, "मलाबी येत न्हाय. काय लिवलंय, शेठ?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा शेठ म्हणाले. मी खरं सांगितलं. ते काहिलीवर वाकले. पाण्यात थेंब सोडले, गोळी केली, काठावर मारून आवाज ऐकला. आदण उतरवलं, ओतलं, घोटलं. त्या दिवशीचा गूळ आम्ही काढलेल्यांत सगळ्यात देखणा होता. बिघडवून गेले असते तर मला भांडता तरी आलं असतं. मग त्यांनी पानावर एक खडा घेतला, रस्त्यावर आले. बाई मेंढरांसकट वळणापलीकडे गेली होती. त्यांनी तो खडा बांबूवर ठेवला, हात धुतले, पंचा घेतला.

"ठरलं हुतं," एवढंच म्हणाले, आणि बांबूखालून वाकून रस्त्यावर जाऊन एसटीची वाट बघत उभे राहिले.

ऐन हंगामात, उसाच्या मोळ्या पडलेल्या असताना, वाटीभर काकवीसाठी मला सोडून गेले. हा राग मी जपला. भेटेल त्याला सांगितलं की म्हाताऱ्याला दुसऱ्या गुऱ्हाळवाल्याने फोडलं. दुसरा गुळव्या आणला, त्याने काळा गूळ काढला. त्याला हाकलून मी स्वतः काहिलीपुढे उभा राहिलो. आदणं करपवली, हात भाजले, शिकलो. निरवांगी काही लांब नाही, आमच्या सांगवीची नीरा नदीच पुढे तिकडे जाते. पण मी गेलो नाही. त्यांनी यावं, असं माझं म्हणणं होतं. ते कुठल्याच गुऱ्हाळावर गेले नाहीत हे मला फार उशिरा कळलं. सुमनला ते पहिल्यापासून माहीत होतं.

गेल्या थंडीत ती म्हणाली, "चाचांना दिसायचं बंद झालंय म्हणे. तुमचा राग जपून झाला असला तर जाऊन या."

मी गेलो, पण मनात माफी नव्हती. माझ्या हातच्या गुळाचा खडा फडक्यात बांधून नेला होता. तुमच्यावाचून अडलं नाही, एवढं मला दाखवायचं होतं. त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि आत सांगितलं, "अब्बा, सांगवीचं कोनतरी आलंय."

"बाळू हाय," आतून आवाज आला. "पाय आपटत दुसरं कोन येतं?"

चाचा खाटेवर बसले होते. निम्मे उरले होते. मी फडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी खडा चाचपला, नखाने खरवडला, कानाशी नेऊन बोटांनी मोडला.

"रवा धरलाय," ते म्हणाले. "पहिला खडा कुणाला दिला?"

तोंडाला येईल तो भाव सांगणारा मी. म्हणालो, "हाच पहिला. तुमच्यासाठीच आणलाय."

"मी कवा खातो? तूच खा. माझ्यापुढं खा."

मी खडा तोंडात टाकला. आपल्या गुळाची ढेप मी रोज बघत होतो, वजन करत होतो, फोटो पाठवत होतो. निवांत बसून खाल्ला कधी होता, आठवेना. चाचांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझं तोंड धरलं. जन्मभर भाजून भाजून ती बोटं लाकडासारखी झाली होती. ती गालांवरून, जबड्यावरून फिरली. त्यांना आता बघता येत नव्हतं, म्हणून ते असं बघत होते.

"जबडा केवढा आवळून धरलायस," ते म्हणाले. "सोड की जरा."

मी सोडला. सोडल्यावर कळलं, किती वर्षं धरला होता.

"गूळ चांगला झालाय," ते म्हणाले. "तू मात्र लई दमलास रं."

मी मान खाली घातली. त्यांच्या सुनेने चहा आणला, तो मी कुठलाही सौदा न करता प्यालो. निघताना त्यांनी विचारलं, "बांबू हाय का अजून?"

"हाय."

"आन् बगळं? येत्यात?"

"येत्यात."

"बघतोस?"

"बघतो," मी म्हणालो.

चाचा हसले. "पाटीच्या येळंलाबी असाच बोलला हुतास. खोटं बोलाया अजून येत न्हाय तुला."

"चाचा, ह्या हंगामात नुसतं येऊन बसा," मी म्हणालो. माझ्याकडून विनंती अशीच निघते, हुकमासारखी.

"बघू," ते म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे काय, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं.

त्याच हंगामात त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा पाक जवळ आला होता. चाचा गेले, दुपारीच दफन आहे, लवकर या, एवढं बोलून तिने ठेवला. काहिल तशीच टाकून निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. पण जाळ आवरला, थेंब पाण्यात सोडले, आवाज ऐकला, आदण उतरवलं आणि मगच पिकअप काढला. निरवांगीत पोचलो तेव्हा माणसं माती देऊन परतत होती. त्यांच्या मुलाने विचारलं, "उशीर झाला?" मी म्हणालो, "आदण होतं." त्याने नुसती मान हलवली. त्या घरात हे कारण चालतं.

दुसऱ्या दिवशी मी बांबू सोडला. पाटी चुलवणात घातली. पहिल्या आदणाचा खडा पानावर घेऊन रस्त्यावर उभा राहिलो आणि हाक दिली. आता कुणी थांबत नाही. मोटारी पुढे निघून जातात. एकाने काच खाली करून विचारलं, "कितीला?" म्हटलं, "फुकट." तर काच वर करून गेला. फुकटाला काहीतरी खोट असणार, हे मीच लोकांना इतकी वर्षं शिकवत आलोय. खडा हातात गार होत चालला. माझा जाळ पुन्हा वर येत होता. असं कसं सोडून जातो म्हातारा? दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा मला भांडायला जागा ठेवली नाही.

शेवटी किटल्या लटकवलेला एक दूधवाला थांबला. खडा तोंडात टाकला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं. त्याच्यामागे रानात पाणी सोडलेलं होतं.

"काय बघताय, मालक?" तो म्हणाला.

"काही न्हाय," मी म्हणालो. "बगळं आल्यात. खा तू."