अध्यक्षांना न विचारता

वसंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा ऑफिस सुटून मी नव्या रायपुरात, मंत्रालयासमोर बसची वाट पाहत उभी होते. "राजधानी आली, बस काही आली नाही," असं ते मला नेहमी चिडवायचे. त्या दिवशी बस आली, पण चढायचं सुचलं नाही... महिना उलटला तरी त्यांच्याविषयी 'होते' म्हणताना जीभ अडखळते.

जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात ते आमचे शेजारी आणि कॉलेजात राज्यशास्त्राचे सर. एकात्म आणि संघराज्य पद्धतींतला फरक ते दोन वाक्यांत सांगत. एकीकडे वरचा खालच्याला अधिकार देतो आणि मनात आलं की काढून घेतो. दुसरीकडे राज्यघटनाच दोघांना वाटून देते, म्हणून कोणी कोणाचे उपकार मानायचे नसतात. साथ आली, युद्ध झालं तर एकच हुकूम चालावा लागतो, हेही ते सांगायला विसरत नसत. पण त्यांचं मन कुठं होतं ते आम्हाला कळायचं.

राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमच्या मराठी मंडळाच्या अंगात आलं. तात्यापाऱ्यात एकच 'राजधानीचा गणपती' बसवायचा, शहराच्या पार टोकाला असलेल्या भनपुरीच्या शाखेनं आपला बंद करून इकडे यायचं, असा ठराव आला. काका तेव्हा अध्यक्ष. खूश होतील असंच सगळ्यांना वाटलं होतं. ते म्हणाले, "भोपाळ दूर पडते म्हणून आपण इतकी वर्षं रडलो. आता भनपुरीवाल्यांनी आपल्या नावानं रडावं काय?" ठराव पडला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मंडळाची घटनाच दुरुस्त करून घेतली. शाखेचे कार्यक्रम शाखाच ठरवील, अध्यक्षांना त्यात बोलता येणार नाही. स्वतःचेच हात बांधून घेणारा अध्यक्ष मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि त्याच गणपतीत भनपुरीनं पोरांचं नाटक ठरवलं, तेही हिंदीत. नातवंडांनी मराठीत उत्तर द्यावं म्हणून झुरणारा हा माणूस... मंडळी धावत आली, तुम्हीच थांबवा म्हणाली. काकांनी घटनेतल्या नव्या कलमावर बोट ठेवलं. नाटकाला मात्र गेले, सतरंजीवर बसून शेवटपर्यंत पाहिलं. परतताना मी विचारलं, आवडलं का?

"नाही आवडलं. पण मले विचारलंच कुठं त्यांनी?" मग म्हणाले, "नाही विचारलं तेच बरं केलं."

त्यांना मनातून फार लागलं होतं, ते मला दिसत होतं.

परवा तात्यापाऱ्यात शोकसभा झाली. भनपुरीला बोलावणं गेलं, तर तिथल्या शाखाप्रमुख मंगलाताईंनी कळवलं की आम्ही आमची सभा इथंच घेऊन राहिलो. मी तिकडेही गेले. नाटकातली ती पोरं आता मोठी बायाबाप्ये झालेली. घरीदारी हिंदी बोलणारी ही माणसं एकेक उठली आणि मराठीत बोलली. हिंदीच्या वळणाचं, अडखळत, पण मराठी. एकीला शब्द सापडेना, तर सारी सभा गप्प बसून राहिली; कोणी हिंदी शब्द पुढे केला नाही.

सभा संपल्यावर मी मंगलाताईंना विचारलं, मराठीतच बोला असं मंडळानं कळवलं होतं का?

"मंडळ काहून कळवीन?" त्या म्हणाल्या. "हे आमचं आम्ही ठरवलं."

हे काकांना आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं, असं मनात आलं... आणि ते गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं.