आर्लीनची काडतुसं

फ्लॉइडच्या हातात पिस्तूल फुटलं, तेव्हा आर्लीन ट्वेट त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. क्लबची शनिवारची स्पर्धा होती. एरवीसारखा न येता दणका बसल्यासारखा आवाज आला. फ्लॉइड गुडघ्यावर बसला आणि त्याच्या उजव्या हातातून रक्त गळू लागलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले.

"काडतुसं कुणाची?" क्लबचा अध्यक्ष नॉर्मन ओरडला.

सगळ्यांच्या माना आर्लीनकडे वळल्या. पूर्व मोंटानातल्या त्या छोट्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फ्लॉइड केटरलिंग वीस वर्षं फक्त आर्लीननं घरी भरलेली काडतुसं उडवत होता.

"माझी," आर्लीन म्हणाली.

"आजपासून तुझं काडतूस या मैदानावर दिसता कामा नये," नॉर्मन सगळ्यांदेखत म्हणाला. "वय झालं की माणसानं आपणहून थांबावं."

आर्लीन त्रेसष्ट वर्षांची होती. तीस वर्षं तिनं बर्फातून, चिखलातून घरोघर टपाल वाटलं होतं आणि एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. तिनं फ्लॉइडचा काडतुसांचा डबा उचलला. तिच्या मागेच तिचा धाकटा भाऊ वेंडेल उभा होता. तो काही बोलला नाही.

रविवारी सकाळी चर्च बुडवून ती गॅरेजमध्ये शिरली. बाकावर तिचं काडतुसं भरायचं प्रेस होतं. दांडा एकदा ओढला की खालची चकती एक घर पुढे सरकायची. एका घरात रिकाम्या पुंगळीला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसायची, पुढच्यात दारू पडायची, त्याच्या पुढच्यात गोळी दाबली जायची, आणि दर ओढीला एक तयार काडतूस टपकन डब्यात पडायचं. काम झरझर व्हायचं, म्हणूनच धोक्याचंही होतं. दांडा अडला तर चकती पूर्ण रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं, हा तिचा नियम होता. नाहीतर एकाच पुंगळीत दोनदा दारू पडते आणि पिस्तूल हातातच फुटतं.

"अडला असेल आणि माझ्या लक्षात आलं नसेल," ती स्वतःशीच पुटपुटली आणि स्वतःचाच तिला इतका संताप आला, की तिनं बाकावर मूठ आपटली.

फ्लॉइडच्या डब्यातली उरलेली काडतुसं तिनं समोर ओतली. एकेक काडतूस गोळी काढायच्या पोकळ हातोडीत घालून ती ठोकू लागली. गोळी निघाली की दारू तोलायची. पहिली तीस बरोबर निघाली. एकतिसाव्यात दारू दुप्पट होती. तिनं ती पुंगळी उलटी केली. बुडावर हिरवी खूण नव्हती.

आर्लीन आपल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावर हिरव्या शाईचा ठिपका देत असे. तिनं राहिलेली काडतुसं भराभर उलटी केली. अकरांवर ठिपका नव्हता. ही तिनं भरलेलीच नव्हती.

गॅरेजची दुसरी किल्ली एकाकडेच होती. गेल्या महिन्यात आर्लीन मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला बिलिंग्जला गेली, तेव्हा कुत्र्याला खायला घालायला वेंडेल येत होता.

वेंडेल आपल्या घरी स्वयंपाकघरात उभा राहून पॅनकेक उलटत होता. तिनं ती बिनठिपक्यांची काडतुसं त्याच्या ताटात ओतली.

"ही कुणाची?"

त्यानं एक काडतूस उलटून पाहिलं. मग म्हणाला, "आर्ली, फ्लॉइडचा डबा अर्धवट होता. म्हटलं, तू येईपर्यंत भरून ठेवू. तुलाच मदत."

"दांडा अडला होता?"

"एकदा... दोनदा अडला. जोर लावला, सुटला. फोनवर मॅच चालू होती."

"आणि काल? नॉर्मन मला म्हातारी ठरवत होता, तेव्हा माझ्या मागेच उभा होतास ना तू? तुला कळलं होतं?"

वेंडेलनं गॅस बंद केला. "शंका आली होती."

"शंका आली होती!" आर्लीनचा आवाज चिरकला. "चूक कुणाच्याही हातून होते रे! पण तू तोंड शिवून उभा राहिलास. चल. गाडीत बस."

"फ्लॉइडचं डोकं थंड होऊ दे, मग—"

"बस म्हणते ना!"

फ्लॉइड खोगिरं शिवून पोट भरायचा. त्याच्या तर्जनीचं टोक गेलं होतं आणि मधलं बोट मोडलं होतं. त्याच्या घरी वेंडेलनं मान खाली घालून सगळं सांगितलं. फ्लॉइडनं ऐकून घेतलं आणि तो वळला तो आर्लीनकडे.

"मी वेंडेलकडून काडतुसं घेतली नव्हती. तुझ्याकडून घेतली होती. डबा माझ्या हातात देताना उघडून पाहिलास?"

"नाही," आर्लीन म्हणाली.

"रोज हिरवे ठिपके देतेस. पाहायचे कुणी?"

तो खरं बोलत होता, आणि त्यामुळेच तिची तळपायाची आग मस्तकात गेली. परत येताना तिनं वेंडेलला त्याच्या दारापासून दोन मैल अलीकडेच उतरवलं. मातीच्या रस्त्यावर तो हाका मारत राहिला. तिनं आरशात पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या शनिवारी वेंडेलनं क्लबमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं. नॉर्मन खाकरला आणि म्हणाला, "ठीक आहे, आर्लीननं यायला हरकत नाही."

"हरकत माझी आहे," ती म्हणाली. "म्हातारी ठरवलंस ते आधी परत घे."

त्यानं ते परत घेतलं, पण पुटपुटत. तिनं 'परत घेतो' असं पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं.

फ्लॉइड आता दुकानातून काडतुसं आणतो आणि डाव्या हातानं नेम धरायला शिकतोय. आर्लीन अजूनही भरते, फक्त स्वतःपुरती. गॅरेजला तिनं नवं कुलूप लावलंय. थँक्सगिव्हिंगच्या सणाला वेंडेल भोपळ्याची गोड पाई घेऊन आला. तिनं पाई घेतली, आणि दार लावून घेतलं.