मेथी निवडताना

नाना, म्हणजे माझे वडील, मेथी निवडायला बसले की मी मुद्दाम समोर बसते. पहिल्या दहा-बारा काड्या ते अगदी मन लावून निवडतात. पानं चाळणीत, देठं वर्तमानपत्रावर. मग हात चालू राहतात आणि नजर खिडकीबाहेर कुठंतरी जाते. थोड्या वेळानं पाहावं, तर देठं चाळणीत आणि कोवळी पानं कागदावर!

रोज सकाळी ते ज्येष्ठ नागरिकांच्या ध्यानवर्गाला जातात. मन भरकटलं की त्याला हळूच परत आणायचं, हा तिथला धडा त्यांना तोंडपाठ आहे. मला मात्र वाटतं, खरं भरकटतं ते माझं मन. भाजी चिरताना ते ऑफिस, गॅसचा नंबर, उद्याचा डबा असं नुसतं वणवण फिरतं आणि कुठंच पोचत नाही. नानांचं मन निघतं तेव्हा त्याला पत्ता ठाऊक असतो.

काल चाळणीतली देठं वेचता वेचता मी विचारलं, "कुठं होतात, नाना?"

ते ओशाळून हसले. "तुझ्या आईबरोबर मंडईत."

आई जाऊन सहा वर्षं झाली. मी उगीच चिडवलं, "सरांनी काय सांगितलंय? मन परत आणायचं ना?"

"आणतो की," म्हणत नानांनी पुढची काडी उचलली. "पण थांब जरा. तिची घासाघीस अजून संपलेली नाही."